एकतीस फुटांचा रिकामा पाइप

हवाबाबू कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी उदबत्ती मागत.

नव्या माणसाला वाटे, गृहस्थ देवभोळा दिसतो. आधी देवाला ओवाळेल, मग टेकेल. हवाबाबू उदबत्ती पेटवत, खोलीच्या मधोमध उभे राहत, हात लांब करत आणि डोळे बारीक करून धुराकडे बघत. धूर खिडकीकडे सरकला तर खुर्ची ओढून त्या धुराच्या वाटेत बसत. धूर सरळ वर जाऊन छताखाली घोटाळत राहिला तर बसतच नसत. “इथली हवा मेली आहे,” असं यजमानाला सांगत आणि चहा अंगणात आणायला लावत.

आमच्या ओळीतले एक म्हातारे वारले तेव्हाची गोष्ट. घर माणसांनी भरलेलं, बायका रडत होत्या. हवाबाबू उदबत्ती घेऊन आत शिरले. लोकांनी आदराने वाट करून दिली. ते मयताच्या उशाशी न जाता खोलीच्या मधोमध थांबले, धूर पाहिला, खिडकीला टेकवून ठेवलेलं कपाट दोघांच्या मदतीने बाजूला ओढलं आणि खिडकी उघडली. मग परत येऊन हात जोडले. याचा राग मानावा की नाही हे घरच्यांना कळेना, कारण खिडकी उघडल्यावर रडणाऱ्या बायकांना खरोखरच बरं वाटू लागलं होतं.

त्यांचं खरं नाव हरबाजी गिऱ्हेपुंजे. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली हवा पोचवण्याच्या कामावर त्यांची सगळी नोकरी झाली. पंखे, पत्र्याचे नळे, कापडी नळे, हेच त्यांचं जग. तिथल्या मजुरांनी त्यांना हवाबाबू नाव दिलं ते शहापूरपर्यंत त्यांच्यासोबत आलं. बायकोच्या आजारपणात भंडाऱ्याचा दवाखाना जवळ पडावा म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर शहापुरात, आमच्या पूर्वेला, बोळापलीकडे, घर घेतलं. घराला चुना लागायच्या आत ती बिचारी गेली. मुलगा भिलाईला नोकरीवर होता आणि सणावाराला येतो येतो म्हणायचा.

मी त्या वेळी भाताच्या गिरणीत हिशोब लिहायचो, म्हणून ते मला मुनीमजी म्हणत. माझा स्वभाव मोजमापाचा. गोष्ट फुटात, इंचात किंवा किलोत सांगितली तर मला लगेच कळते. हवा मोजता येत नाही, त्यामुळे हवाबाबूंचं बोलणं मला कधीच नीट कळलं नाही. आजही कळलं आहे असं मी म्हणणार नाही.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: “हवेचं काय?” गिरणीत नवं गोदाम बांधलं असं सांगितलं की ते विचारत, हवेचं काय? मेहुणीचं लग्न ठरलं म्हटलं की, मांडवात हवेचं काय? बसमध्ये ते दारापाशीच उभे राहत आणि कंडक्टर आत सरका म्हणाला की त्याच्याशी भांडत. माणसं भरता, हवा भरत नाही, असं त्यांचं म्हणणं. जेवणाच्या डब्याच्या झाकणाला त्यांनी खिळ्याने भोकं पाडली होती. छत्रीलाही शेंड्याजवळ एक भोक पाडलं होतं, म्हणजे वारा आत अडकून छत्री उलटी होणार नाही. ती खरंच कधी उलटी झाली नाही. पावसाळाभर मात्र हवाबाबूंच्या टोपीच्या मध्यावर रुपयाएवढा ओला ठिपका असायचा.

अशा माणसाच्या शेजारी राहून मी स्वयंपाकघरातली मोरी हलवायला काढली.

हे ऐंशी सालच्या आसपासचं. आमची मोरी होती पश्चिमेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीलगत. बायकोची, म्हणजे सुनंदाची, कंबर दोन बाळंतपणांनंतर धरली होती. उकिडवं बसून भांडी घासायची नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा ठरलं की पूर्वेच्या खिडकीखाली उभा ओटा करायचा आणि त्यातच सिंक बसवायचं. उजेड भरपूर, वारा भरपूर, कंबर ताठ. हा हिशोब मला कळला आणि आवडला.

आईला आवडला नाही. सुनंदाच्या कमरेबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं, उभ्याबद्दल होतं. “घोडी उभ्यानं झोपते,” ती म्हणाली, “आता बाया उभ्यानं भांडे घासतीन.” पण डॉक्टरांचं नाव पुढे केल्यावर गप्प बसली.

शालिक मिस्त्रीने ओटा केला, सिंक बसवलं, आणि त्याचा पाइप फरशीखालून चौदा फूट लांब नेऊन जुन्या मोरीच्या जागी काढला. तिथे न्हाणीघराच्या पाण्याला तो मिळत होता आणि दोन्ही पाणी परसातल्या झाकलेल्या शोषखड्ड्यात जात होतं. सिंकच्या बुडाशी पाइपाला बाक होता. त्या बाकात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि ते खड्ड्यातला वास वर येऊ देत नाही, एवढं शालिकने मला समजावलं. मी पट्टी घालून पाहिलं. दोन इंच पाणी होतं. मला समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, बादली पालथी केली, आणि स्वयंपाकघरातून सुनंदाची हाक आली. सिंक बोलत होतं. आधी गुडगुड, मग घटघट, शेवटी एखाद्याने ताकाचा पेला संपवून ढेकर द्यावा तसा आवाज. आणि ढेकरामागून वास. असा वास की आईने देवघरातूनच पदर नाकाला लावला. मी पट्टी घेऊन धावलो. बाकात पाणी नव्हतं.

पुन्हा पाणी ओतलं, वास थांबला. पुन्हा न्हाणीत बादली रिकामी केली, पुन्हा ढेकर, पुन्हा वास. शालिकने पाइप उकलला, सांधे बघितले, पुन्हा बसवला. काही फरक नाही. आईने दोन दिवस बघितलं आणि निकाल दिला. पोळ्यापर्यंत मुदत. पोळ्याच्या पुरणाला हा वास लागला तर सिंक काढायचं, मोरी पुन्हा चालू करायची आणि कमरेला एरंडेल चोळायचं. त्या रात्री सुनंदाने मला जे वाढलं त्यावरून तिचं म्हणणं कळलं. पुन्हा त्या कोपऱ्यात बसण्याची तिला मनापासून भीती वाटत होती, आणि सिंक वाचवण्याची जबाबदारी माझी होती.

मी हवाबाबूंना बोलावलं नाही. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात असणार. ते आपणहून आले.

नेहमीप्रमाणे उदबत्ती मागितली. सुनंदाने दिली. ती त्यांनी सिंकच्या तोंडाशी धरली आणि मला न्हाणीत बादली ओतायला पाठवलं. मी ओतली. परत आलो तर ते खूश होऊन बघत होते. धूर सिंकच्या भोकात आत ओढला जात होता, आणि मग भस्सकन बाहेर आला.

“मुनीमजी, पानी खाली जाते तवा त्याच्या जागी कोन येते?”

मी म्हणालो, कोणी येत नाही, जागा रिकामी होते.

“रिकामी जागा नसते. तिथं हवा येते. तुमच्या पाइपाले नाक नाही, म्हणून तो सिंकाच्या तोंडानं श्वास घेऊन राहिला. बाकातलं पानी संगं ओढून नेते.”

मला कळलं नाही. त्यांनी रॉकेलचा डबा मागवला. डब्याला एकच भोक असलं की तेल गुटगुट करत, अडखळत पडतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, हे त्यांनी करून दाखवलं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, यात नवीन काय, हे त मले लहानपणापासून माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण डब्याला वास नव्हता आणि सिंकला डब्याचा आकार नव्हता, त्यामुळे माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना लागेनात. मी मान हलवली.

उपाय असा होता. सिंकच्या बाकाच्या लगेच पुढे पाइपाला फाटा काढायचा, त्याला दीड इंची पाइप जोडून तो वर न्यायचा आणि मोकळ्या हवेत सोडायचा. त्यातून पाणी जायचं नाही, घाण जायची नाही. फक्त हवा यायची.

शालिक मिस्त्री हातातली करणी खाली ठेवून बसला. “बाबूजी, ज्या पाइपातून काहीच जानार नाही तो पाइप बसवाचा? उद्या म्हनसान, रिकामी बादली डोक्यावर देऊन उभा राह्य.”

“खाणीत सारे पाइप असेच रिकामे असतेत बाप्पा,” हवाबाबू म्हणाले. “एक बंद पडू दे, मग समजते त्यात काय होतं ते.”

इथवर तरी ठीक होतं. खरा घोळ झाला तो पाइप न्यायचा कुठून यावर.

मी माप घेतलं. खिडकीच्या बाजूने भिंतीला धरून सरळ वर, आमच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, वर हातभर काढायचा: नऊ फूट पाइप, वळणाचा एक कोपर. शालिकचंही तेच मत. हवाबाबूंनी खडू घेतला आणि आमच्या भिंतीवर रेघ काढायला सुरुवात केली. रेघ खिडकीच्या बाजूने वर चढली, वर न जाता डावीकडे वळली, भिंतीच्या टोकापर्यंत गेली, तिथे संपली. हवाबाबू बाहेर आले, आमच्या दोन घरांमधला चार फुटांचा बोळ ओलांडला, आणि तीच रेघ त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर पुढे चालू केली. ती त्यांच्या पडवीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि वर चढून त्यांच्या कवेलूंपाशी थांबली.

मी पुन्हा माप घेतलं. एकतीस फूट. सहा कोपर. बोळावरून पाइप अधांतरी न्यायला लोखंडी पट्टी वेगळी.

का, म्हणून विचारलं. हवाबाबू म्हणाले, नऊ फुटांवर सोडला तर वास खिडकीतून परत आत येईल. मी म्हणालो, मग दोन फूट आणखी उंच करू, अकरा. त्यांनी विचार केला आणि कारण बदललं. आता वाऱ्याचं होतं. उदबत्ती बाहेर आणली, धूर पश्चिमेकडे गेला. म्हणजे वारा पूर्वेकडून, म्हणजे पाइपाचं तोंड आणखी पूर्वेकडे नेलं पाहिजे. मी म्हणालो, पूर्वेकडून वारा असेल तर तिकडचा वास उलट आमच्याकडेच येईल. ते म्हणाले, “तुम्ही हिशोबाचे माणसं, तुम्हाले हवा कळत नाही.” हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी तिसरं कारण आलं. आमच्या कवेलूंवर वांदरं येतात, पाइप मोडतील; त्यांच्या कवेलूंवर येत नाहीत. ते हे सांगत असताना त्यांच्या कवेलूंवर एक मोठं वांदर पिलाला पोटाशी धरून बसलेलं आम्ही तिघांनी पाहिलं. शालिक म्हणाला, ते पाहुणं असेल.

शेवटी मी माझ्या मनातली खरी अडचण सांगितली. आमच्या खड्ड्याचा वास त्यांच्या पडवीत, ते बसतात तिथे, येईल. हे बरं नव्हे. उद्या लोक मलाच नावं ठेवतील.

“माह्या घरी कोन आहे नाक धराले,” ते म्हणाले आणि खडूची रेघ पुन्हा जाड करू लागले.

पोळा जवळ येत होता. सुनंदा म्हणाली, त्यांचं ऐका. वास त्यांच्याकडे जात असेल आणि ते बोलावत असतील तर आपण अडवायचं कशाला? आई म्हणाली, माणूस खुळा आहे पण मनाचा वाईट नाही. शालिक म्हणाला, मले काय, मी रेघेवरून पाइप नेतो. उद्या रेघ नागपूरले गेली त नागपूरले नेतो.

पाइप बसला. सगळीकडे थोडा चढ, म्हणजे आत चुकून थेंब गेला तरी तो मागे सिंककडे परत यावा. टोकाला दोन कोपर जोडून तोंड खाली वळवलं, पाऊस जाऊ नये म्हणून. ते तोंड हवाबाबूंच्या पडवीच्या कवेलूंच्या वर, त्यांच्या बाजेच्या अगदी डोक्यावर आलं. खाली बसलेल्याला ते दिसत नव्हतं. रस्त्यावरचे लोक बोळात येऊन वर बघत आणि यातून काय जातं म्हणून विचारत. काही नाही, असं मी सांगे. मग ते माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत.

मी न्हाणीत बादली ओतली. सिंक गप्प. दुसरी ओतली. गप्प. पट्टी घातली: दोन इंच. सुनंदा हसली. बऱ्याच दिवसांनी. मी हवाबाबूंकडे बघितलं तर ते आमच्यात नव्हते. त्यांच्या पडवीत जाऊन बाजेवर बसले होते. मी पलीकडून विचारलं, काही वास येतो का? “नाही,” ते म्हणाले, “पन चालते.” काय चालते ते मला कळलं नाही.

आईने मात्र निकाल राखून ठेवला. पोळा म्हणजे पोळा. ती सिंकला हात लावत नव्हती. स्वतःचं ताट परसात नेऊन विसळत होती. हवाबाबूंनी तिला एकदा फार आदराने समजावलं, बाई, हा पाइप म्हणजे पाइप नव्हे, हे तुमच्या घराचं हवेचं दार आहे. एक दार माणसाचं, एक हवेचं. आईने ते लक्षपूर्वक ऐकलं आणि मान डोलावली.

आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. घरातली पीडा त्या आपल्यावर घेतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गावाबाहेर नेऊन टाकतात. दार सोडायचं नाही, अशी आईची शिकवण. पुढचं दार, मागचं दार, गोठ्याचं दार. पोळ्याच्या पहाटे, आम्ही उठायच्या आत, गुराखी फांद्या घेऊन आला. आईने सगळ्या दारांना मेढे लावून घेतले, आणि मग तिला आठवलं की घराला आणखी एक दार आहे.

तिने गुराख्याला शिडी दिली. पाइपाचं तोंड खाली वळलेलं, फांदी त्यात राहीना. आई काम अर्धवट सोडणाऱ्यांतली नाही. तिने फांदीच्या बुडाला चिंधी गुंडाळायला लावली, वर ओली माती थापायला लावली आणि फांदी ठोकून बसवून घेतली. हवाबाबू तेव्हा सणाचं दूध आणायला बाहेर गेले होते. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

सकाळी सुनंदाने भांड्यांचा पहिला ढीग सिंकमध्ये टाकला. पाणी अडखळत गेलं. तिला वाटलं, खरकटं अडकलं असेल. मी आंघोळीला गेलो, बादली ओतली. स्वयंपाकघरातून ढेकर ऐकू आला. त्यामागून वास. पुरणाची डाळ चुलीवर, वेलदोडे कुटून ठेवलेले, आणि त्या सगळ्यावर खड्ड्याचा वास. मी अंग न पुसता धावलो. सुनंदा ओट्याला धरून उभी होती, डोळ्यांत पाणी. आई देवघराच्या दारात. जिंकलेल्या माणसाला बोलायची गरज नसते. तिने फक्त जुन्या मोरीच्या कोपऱ्याकडे बघितलं.

हवाबाबूंना हाक मारावी म्हणून मी परसाकडे वळलो तर तेच मागच्या दारातून आत येत होते. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल तासलेला, पायांत चपला नाहीत. त्यांनी उदबत्ती मागितली नाही. सिंककडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं, सुनंदाकडे, आईकडे, मग खोलीत डोकावून मुलांकडे.

“सारे जन बरे आहा ना?”

आम्ही बरे आहोत, सिंक बिघडलं, असं मी सांगितलं. ते तिथेच ओट्याखाली जमिनीवर बसले आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. साबण कानापर्यंत गेला.

“तुम्हाला कसं कळलं?” सुनंदाने विचारलं. “आत्ताच तर झालं.”

त्यांनी सांगायचं टाळलं. चहा झाला का, पुरण किती शिजलं, असं काहीतरी विचारू लागले. आईने सोडलं नाही. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तिच्या पद्धतीने.

“आज पाइप बोलला नाही,” हवाबाबू म्हणाले.

मग तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. सिंकमधून पाणी गेलं की पाइप वरच्या तोंडाने हवा ओढतो आणि त्याचा सूं असा बारीक आवाज त्यांच्या पडवीत येतो. चहाच्या भांड्याचा वेगळा, तांदळाच्या धुवणाचा वेगळा, रात्रीच्या भांड्यांचा लांबलचक. पहाटे पहिला आवाज आला की, मुनीमजीच्या घरी चहा झाला, असं समजून ते बाजेवरून उठत. दुपारचा आवाज आला की स्वतःचं जेवण वाढून घेत. आज पोळा, घरात काम जास्त, आवाज जास्त पाहिजे. तर सकाळपासून एकही नाही. दाढी करताना त्यांच्या मनात भलतंसलतं आलं.

“खाणीत मजुरांची पाळी खाली गेली की वर पाइपाले कान लावून बसाचं,” ते म्हणाले. “हवा चालू आहे म्हंजे खाली मानसं काम करून राहिले. आवाज बंद झाला की मग वरच्या मानसाले पानी गोड लागत नाही. तशी सवय आहे, दुसरं काही नाही.”

त्या एकतीस फुटांचं कारण मला त्या वेळी कळलं असं वाटतं. तरी मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण वांदरांचं कारणही त्यांनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं होतं.

आई हळूच पुढे आली. पाइपाच्या तोंडात फांदी तिने बसवून घेतली, असं तिने स्वतः सांगितलं. हवेचं दार, म्हणून. हवाबाबूंनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हवेवर मोठं व्याख्यान होणार. ते म्हणाले, “बाई, तुमचं बराबर आहे. दाराले मेढा पाहिजेच. पन दारात नाही, दाराच्या बाजूनं.” मग ते आणि मी शिडी घेऊन गेलो. फांदी उपसली, माती खरवडली, आणि तीच फांदी पाइपाच्या बाहेरून सुतळीने बांधली. आत सुनंदाने पाणी सोडलं. शिडीवर, कानाजवळ, मी प्रथमच तो आवाज ऐकला. झोपेत कूस बदलताना मूल श्वास घेतं, साधारण तसा. हवाबाबूंनी खालून विचारलं, “तांब्या होता ना?” मी आत विचारलं. तांब्याच होता.

त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले. पुरणाला वास लागला नव्हता, किंवा लागला असेल तर कोणी म्हटलं नाही. सिंकचा निकाल आईने तोंडाने दिलाच नाही. जेवण झाल्यावर ती स्वतःचं ताट घेऊन उठली, परसाकडे दोन पावलं गेली, मग वळून ओट्यापाशी आली आणि उभ्यानं ताट विसळलं. सुनंदा माझ्याकडे बघून परत पोळ्या झाकायला लागली.

त्यानंतर एक गोष्ट मला खटकू लागली. आई घरात सगळ्यांच्या आधी उठे, आणि चहाचं पाणी ठेवायच्याही आधी तांब्याभर पाणी सिंकमध्ये ओतून देई. धुवायला काही नसे. नुसतं पाणी. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी कमी, आणि मी असा मोजमापाचा, म्हणून विचारलं. ती म्हणाली, तुले काय करायचं? मी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही हिशोबाचे माणसं. त्या दोघी एका बाजूला गेल्या होत्या आणि नेमकं कधी गेल्या हे मला कळलं नव्हतं.

हिवाळ्यात दिघोरीला माझ्या बहिणीकडे भात घरात आलं, तिला मदत हवी होती. आई, सुनंदा आणि मुलं सगळी गेली. गिरणीत हंगाम असल्याने मी मागे राहिलो. बस सुटताना आईने खिडकीतून डोकं काढलं. मला वाटलं, दाराला कुलूप, गाईला कुटार, असं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, “सकाळी उठल्याबरोबर सिंकात पानी टाकजो. विसरशीन नको. म्हातारा पडून राह्यते.”

पहिल्या सकाळी मला जाग आली तेव्हा खिडकीत उजेड आला होता. मी उठलो, तांब्या भरला आणि ओट्यापाशी उभा राहिलो. सगळं घर रिकामं, भांडी सुकी, धुवायला काही नाही. थोडं विचित्र वाटलं. मी पाणी सोडलं, एकदम नाही, धार धरून. पाणी खाली गेलं. मी खिडकीशी कान नेला.

पलीकडे बाज करकरली. हवाबाबू खाकरले. मग त्यांच्या घरच्या विहिरीच्या रहाटाचा आवाज आला.

मी तांब्या पुन्हा भरला आणि पुन्हा ओतला.